विजयेचे थेंब

चंपाषष्ठीच्या सकाळी आबांनी सदरा घातला.

दुसऱ्या एखाद्या घरात याची कुणी दखलही घेतली नसती. कडेगावच्या त्या घरात मात्र आबांच्या पत्नी मनुबाई चुलीवरचं सोडून बाहेर आल्या, थोरला मुलगा उदयसिंह हातातली दुधाची किटली धरून उंबऱ्यात थांबला, आणि रेश्मा, घरची थोरली सून, कणगीच्या आडून नुसती बघत राहिली. आबांनी, पलटणीतून निवृत्त झालेल्या सुभेदार नाथाजींनी, एकेक बाही सावकाश चढवली, वरचं बटण लावलं, खालची लावली, आणि सगळे आपल्याकडेच बघतायत हे ध्यानात आल्यावर म्हणाले, "काय तमाशा हाय व्हय? रोडगं थापा."

गेल्या वर्षी त्यांना नागीण उठली होती. उजव्या बरगडीवरून पार पाठीच्या कण्यापर्यंत. फोड वाळले, खपल्या पडल्या, पण आग गेली नाही. शिरा दुखावल्यात, वेळ लागेल, असं डॉक्टर सांगत राहिले. कापडाचा स्पर्श सोसेना. बर्फात पहारे दिलेला माणूस ऐन थंडीत उघड्या अंगानं सोप्यात बसायचा, पाठीवर ओलं फडकं टाकून. जेवण तुटलं. झोप तर अशी गेली की घरातलं कुणी जागं होऊ नये म्हणून रात्री टॉवेल दातात धरायचे. सकाळी तो टॉवेल धुवायला रेश्माच्या हाती यायचा. दातांनी विरलेल्या जागा तिला दिसायच्या, पण ती कुणाला काही बोलायची नाही.

मग उन्हाळ्यात नणंद आली. संयोगिता साताऱ्याला वैद्य होती, तिचा स्वतःचा दवाखाना होता. तिनं एक तपकिरी बाटली आणली. जिभेखाली सकाळ-संध्याकाळ थेंब द्यायचे, थोड्यापासून सुरू करून हळूहळू वाढवायचे. "वहिनी, हे तुम्हीच द्या," ती म्हणाली. "आईला थेंब मोजता येत नाहीत, आणि दादा विसरतो." बाटलीवर 'विजया' असं लिहिलेलं होतं. असेल एखादी मुळी, अश्वगंधेसारखी, असं रेश्माला वाटलं.

पहिले काही दिवस फरक दिसला नाही. मग एका पहाटे ती चहा घेऊन गेली तर आबा झोपलेले. तोंड उघडं, एक हात कॉटवरून खाली आलेला. कप हातात धरून ती तिथंच उभी राहिली. चहा गार झाला. मग ती स्वयंपाकघरात येऊन मनुबाईंना एवढंच म्हणाली, "आत्याबाई, मामंजी झोपल्यात." मनुबाईंनी पालच्या खंडोबाच्या दिशेनं हात जोडले आणि तिथल्या तिथं नवस बोलून टाकला. ज्या दिवशी अंगावर सदरा चढेल, त्या दिवशी सगळ्या लेकरांना बोलावून भरीत-रोडग्याचं जेवण.

तो दिवस हा. आणि बोलावल्याप्रमाणं सगळे आले होते. साताऱ्याहून संयोगिता आली. धाकटा ऋषिराज पोलिसात फौजदार होता, त्याला एका दिवसाची रजा मिळाली होती. कोरेगावहून रेश्माचा धाकटा भाऊ वीरधवल आला होता, आपल्या रानातलं आलं आणि वाघ्या घेवड्याचं पोतं टेम्पोत घालून. उसाला तोड आलेली, रस्त्यानं ट्रॉल्यांचा खडखडाट चाललेला, आणि घरात भाजलेल्या वांग्यांचा वास भरून राहिलेला.

देवाला नैवेद्य झाला. पंगत बसली. आबांनी दुसरा रोडगा मागितला तेव्हा मनुबाईंनी पदर डोळ्याला लावला आणि लगेच, धूर लय झालाय, म्हणून खिडकी उघडली.

तेवढ्यात उदयसिंहानं विषय काढला. मनात एखादी गोष्ट भरून आली की ती बाहेर पडेपर्यंत त्याला दम निघत नसे, हे रेश्माला लग्नापासून ठाऊक होतं.

"आबा, येत्या रविवारी सांगलीला यायचं. शेतकऱ्यांची परिषद हाय. डॉक्टर येणार हायत, वकील येणार हायत. तुमी फकस्त दोन शब्द बोलायचं. पयलं कसं व्हतं आन् आता कसं हाय, एवढंच."

"कशाची परिषद?"

"गांजा. औषधासाठी परवानगी मागायची सरकारकडं. परवान्यानं पिकवू द्या म्हणायचं. आन् कुणी सोतापुरतं घेतलं, तर त्येला तुरुंगात घालू नगा."

ऋषिराजनं घास खाली ठेवला. "दादा, ह्यात आबांचा काय संबंध?"

संयोगितानं मान हलवून थोरल्या भावाला खुणावलं. त्यानं ते पाहिलं नाही, किंवा पाहून सोडून दिलं.

"संबंध कसा न्हाई? आज आबा सदरा घालून बसल्यात ते कशानं? विजया म्हंजी तीच की. त्याच झाडाची पानं."

रेश्मा भरीत वाढत होती. पळी तिच्या हातात तशीच राहिली. तिनं पहिल्यांदा पाहिलं ते भावाकडे. वीरधवल पंगतीच्या टोकाला बसला होता. त्याचं जेवण थांबलं होतं आणि तो ताटातल्या कांद्याच्या पातीकडे बघत होता.

"ताई, हे खरंय?" ऋषिराजनं बहिणीला विचारलं.

"खरंय. पण तू समजतोस तसं नाही. पानांचा अर्क आहे, परवाना असलेल्या कारखान्यात तयार होतो. माझ्या चिठ्ठीशिवाय कुणाला मिळत नाही. आपल्याकडे जुन्या ग्रंथांपासून वापरात आहे. सगळ्यांना लागू पडतो असंही नाही. आबांना पडला."

"आन् दादाला आता ते उसात लावायचंय."

"लावीन की, परवाना मिळाला तर," उदयसिंह म्हणाला. "चोरून लावणारे लावत्यातच. माज्या बापाला ज्यानं झोप दिली, ते झाड चोराचं का म्हणून ऱ्हावं? मला ह्येचं उत्तर दे."

"देतो. तुझ्या उसात परवान्याची झाडं, शेजारच्या उसात बिनपरवान्याची. मी कशावरून ओळखायची? आन् 'सोतापुरतं' म्हंजी किती, हे कोण ठरवणार? मागल्या महिन्यात एका बापाला त्याच्या पोराचं प्रेत ओळखायला बोलावलं मी. ओढून ट्रॅक्टरवर बसलं होतं."

"दारू पिऊन मरत्यात ते? ती तर परवान्यानं मिळती."

"एका खोलीत साप शिरला म्हणून दुसऱ्या खोलीचं दार कुणी उघडं टाकतं व्हय?" मनुबाई म्हणाल्या. मग आपण कुणाच्या बाजूनं बोललो हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. त्यांनी नजर खाली वळवली.

आबांनी पाण्याचा तांब्या उचलला, प्यायले, खाली ठेवला.

"मला ठावं न्हवतं," ते म्हणाले.

मग ते रेश्माकडे वळले.

"सूनबाई, तुला ठावं व्हतं?"

"न्हाई, मामंजी."

"म्हंजी ज्यानं घेतलं त्येला ठावं न्हाई, आन् जिनं दिलं तिलाबी ठावं न्हाई. बाकी घराला ठावं."

"आबा, सांगितलं असतं तर तुम्ही घेतलं नसतं," संयोगिता म्हणाली. तिचा आवाज दवाखान्यातल्यासारखा राहिला नव्हता.

"नसतं घेतलं. पर ते मी ठरवायचं व्हतं, बाय."

त्यांनी ताटाला नमस्कार केला आणि उठले. दुसरा रोडगा अर्धाच राहिला होता.

रेश्मा मागल्या दारी गेली. पाण्याच्या टाकीजवळ तिनं उगाचच एक घमेलं धुतलं. पुन्हा धुतलं. तिला राग आला होता, पण तो नेमका कुणावर हे ठरत नव्हतं. नवऱ्यावर, नणंदेवर, की त्या शब्दावर, जो सहा महिने सकाळ-संध्याकाळ वाचूनही तिला कळला नव्हता.

वीरधवल कराडला शिकायला होता तेव्हा त्याला ते ओढायची सवय लागली. आधी मित्रांत, मग एकट्यानं. पुढं त्याला आवाज ऐकू यायला लागले. भिंतीतून कुणीतरी आपलं नाव घेतंय म्हणायचा. घरच्यांनी त्याला कोरेगावच्या रानातल्या खोलीत ठेवला आणि गावाला सांगितलं, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. दवाखान्यात नेला तर गांजाचं नाव निघणार, पोलिसांत जाणार, आणि मग रेश्माच्या सासरी काय तोंड दाखवायचं? या धास्तीत दोन वर्षं गेली. शेवटी रेश्मानं एके दिवशी सासऱ्यांसमोर सगळं सांगून टाकलं. आबा तेव्हा चांगले ताठ होते. त्यांनी काही विचारलं नाही. जीप काढली, कोरेगावला गेले, त्या खोलीत वीरधवलशेजारी चटईवर बसले, त्याच्या ताटात जेवले, आणि दुसऱ्या दिवशी त्याला आपल्याबरोबर मिरजेला डॉक्टरकडे घेऊन गेले. रेश्माच्या वडिलांनी अडवलं तेव्हा म्हणाले होते, "इज्जत माजीबी जायची हाय, पाव्हणं. जाऊ द्या. पोरगं ऱ्हायलं पायजे."

पलटणीत चिलमीपायी एका जवानाच्या थोबाडात मारलेला हा माणूस. त्यानं वीरधवलला एकदाही गांजेकस म्हटलं नव्हतं. रेश्मानं त्यांची शुश्रूषा केली ती कुणाच्या सांगण्यावरून नव्हे.

मनुबाई मागून आल्या. टाकीच्या कट्ट्यावर बसल्या.

"लेकीवर रागावू नगंस. ती सांगायचं म्हणत व्हती. मीच न्हाई म्हटलं."

"का, आत्याबाई?"

"तुज्या भावाचं समदं डोळ्याफुडं व्हतं. म्हटलं, पोरीला कळलं तर हात थरथरंल तिचा. आन् ह्येंचं तर लय वाईट चाललं व्हतं. मला तवा दुसरं काय सुचंना, बाय."

"थरथरला असता," रेश्मा म्हणाली. "तरी दिलं असतं मी. तुमी इचारायला पायजे व्हतं."

"व्हय," मनुबाई म्हणाल्या. कट्ट्यावरचं पाणी त्यांनी हातानं निपटलं. मग म्हणाल्या, "तुजे उपकार हायत आमच्यावर. ते तर मी कवाच बोलून दावलं न्हाईत. द्येवाला रोडगा केला, तुला काय केलं?"

रेश्मानं धुतलेलं घमेलं पालथं घातलं आणि सासूच्या शेजारी जरा वेळ टेकली.

संध्याकाळी थेंबांची वेळ झाली. संयोगिता बाटली घेऊन वडिलांकडे गेली आणि तशीच परत आली.

"घेत नाहीत. म्हणतात, सूनबाई म्हणेल तसं."

"मी काय म्हणू?" रेश्मा म्हणाली.

दिवे लागले तशी पाठ पेटत गेली. आबांनी आधी बटणं काढली, मग सदराच काढून खुंटीला टांगला. मनुबाई ओलं फडकं घेऊन बसल्या. ऋषिराज परत जायला निघाला होता, तो अंगणातच घुटमळला. उदयसिंह गोठ्यात गेला आणि बाहेर येईना. सगळ्या घराचा कान सोप्याकडे होता आणि सोप्यातून आवाज येत नव्हता. आवाज येऊ नये म्हणून तिथं काय चाललं असेल ते रेश्माला कळत होतं.

वीरधवल टेम्पोला दोर बांधत होता. ती त्याच्याकडे गेली.

"तू आधी वळखलं व्हतंस का रं? बाटलीवरचं नाव?"

"मागं आलो तवाच. फळीवर बघितली की."

"मला बोलला न्हाईस."

"काय बोलू? म्हटलं आबांना बरं वाटतंय." त्यानं दोराची गाठ ओढून पाहिली. "ताई, त्यातली न्हाई ती चीज. मी जी ओढत होतो तिनं माणूस येगळ्याच जगात जातो. आबा तर हितंच हायत. जेवतात, पेपर वाचतात, दाजींना शिव्या देतात."

"तरीबी मला भ्या वाटतं."

"मलाबी वाटतं. म्हणून सांगतो, ती बाटली माझ्यापास्नं लांब ठेव. फळीवर ठेवू नगंस, कुलपात ठेव. माझं डोकं कुठल्या दिवशी कसं वागंल, मला अजून खात्री न्हाई, मी गोळ्या घेतोय. पर आबांपास्नं कशाला लांब ठेवतीस?"

अंगणातून ऋषिराज जवळ आला होता. त्यानं ऐकलं की नाही ते कळलं नाही. जरा वेळानं तो म्हणाला, "पाव्हणं, तुम्हाला तेव्हा आम्ही उचललं असतं तर?"

वीरधवलनं विचार केला. "तर आबा यायच्या आधीच संपलो असतो, साहेब."

"साहेब नका म्हणू." ऋषिराज टेम्पोच्या फळीला टेकला. "किती पोरं आत टाकली मी. त्यातलं बरं होऊन बाहेर आलेलं एक दाखवा म्हणाल, तर दाखवता येणार न्हाई. विकणाऱ्याला मी सोडणार न्हाई, ते येगळं. पण हे खरंय."

रेश्मा घरात गेली. हात धुतले. बाटली घेतली, चमचा घेतला, आणि सोप्यात आबांच्या समोर खाली बसली. त्यांचं कपाळ घामानं भिजलं होतं.

"मामंजी," ती म्हणाली, "ह्यात गांजाच्या झाडाच्या पानांचा अर्क हाय. वन्संनी तपासून दिलाय. ह्यानं दुखणं निम्मं व्हतं, समदं जात न्हाई. द्यू का?"

आबांनी तिच्याकडे पाहिलं.

"तुला चाललं?"

"चालंल."

"धवलला इचारलंस?"

"त्यानंच सांगितलं."

"मंग दे."

त्यांनी जीभ वर केली. तिचा हात थरथरला नाही. थेंब पडले आणि तिनं बाटली पदराला पुसली.

बऱ्याच वेळानं, आग जरा उतरल्यावर, आबांनी सगळ्यांना आत बोलावलं. उदयसिंह गोठ्यातून आला, पायाला शेण लागलेलं.

"रविवारचं," आबा म्हणाले. "मी येतो सांगलीला. पर माजं ठरलं ते आयका. मी माजं दुखणं सांगंन. सूनबाई तिचं सांगंल. दोन्ही बोलायचं न्हाई म्हणशील, तर मी येत न्हाई."

"आवं आबा, रेश्मानं तितं धवलचं काढलं तर आमच्या मागणीचं काय ऱ्हाईल?"

"जेवढं खरं आसंल तेवढं ऱ्हाईल."

रेश्मा म्हणाली, "मामंजी, मी कवा कुणाफुडं बोलली न्हाई."

"माज्याफुडं बोललीस की एकदा," आबा म्हणाले. "त्येवढंच बोल."

रविवारी सांगलीचा तो हॉल माणसांनी भरला होता. पलूसचे द्राक्षवाले आले होते, शिराळ्याचे होते, जत आणि कवठे महांकाळकडची कोरडवाहू माणसं डोक्याला पटके बांधून मागं बसली होती. एका डॉक्टरांनी कॅन्सरच्या रोग्यांचं सांगितलं. एका वकिलानं उत्तरेतल्या डोंगराळ राज्यांत लागवडीचं काय चाललंय ते सांगितलं. एक जण चिडून बोलला, तुमच्या परवान्यानं आमच्या पोरांचं वाटोळं होईल. त्यालाही लोकांनी मान डोलावली. ज्यानं त्यानं आपल्या घराकडे बघूनच मान डोलावली असावी.

आबा उभे राहिले. पुढं केलेला माईक त्यांनी हातानंच बाजूला केला.

"मी सुभेदार नाथाजी. मला नागीण झाली व्हती. ह्ये औषध घ्येतो तवापास्नं झोप येती. दुखणं निम्मं हाय. डॉक्टरनं दिलं म्हणून घ्येतो. कुणी चिलीम फुडं केली तर आजबी थोबाडात दीन. माजं संपलं. ऱ्हायलेलं माजी सून सांगंल."

लोक हसले. त्या हसण्यानं रेश्माला पायऱ्या चढता आल्या. येताना गाडीत वीरधवलनं तिला सांगितलं होतं, नाव घे माझं, लपवू नको.

"माझा भाऊ वीरधवल," ती म्हणाली, "तो मागच्या रांगेत बसलाय." माना वळल्या. तिनं त्या पुन्हा आपल्याकडे येईपर्यंत वाट पाहिली. "ह्या झाडापायी त्याचं डोकं बिघडलं होतं. आम्ही त्याला दोन वर्षं खोलीत ठेवला. डॉक्टरकडं नेला तर पोलिसांत नाव जाईल म्हणून. झाडानं जेवढं बिघडवलं तेवढंच आमच्या लपवण्यानं बिघडवलं. तो आज आल्याची शेती करतो. त्याला बाहेर काढला तो ह्या माझ्या सासऱ्यांनी. आणि सासऱ्यांना बाहेर काढलं ते त्याच झाडाच्या पानांनी. मी रोज माझ्या हातानं देते. आता ह्याचा हिशेब कसा घालायचा, मला येत नाही."

ती थांबली. पुढच्या रांगेतल्या एका तरुण मुलानं हात वर केला. "पण ताई, तुम्ही बाजूनं आहात की विरोधात?"

"मी उपकार मानायला आलेय," रेश्मा म्हणाली. "औषधाचे, आणि माणसांचे. आणि भ्यालेली हाय, तेपण सांगायला. औषधाला परवानगी द्या, माझ्या सासऱ्यांसारखी कितीतरी माणसं टॉवेल चावत पडली असतील. ओढणाऱ्या पोराला तुरुंगात नेऊ नका, दवाखान्यात न्या. पण ते पानपट्टीवर आणून ठेवू नका. माझा भाऊ तिथं उभा असंल."

ती खाली आली तेव्हा तिचे कान तापले होते. कुणी काय म्हटलं ते तिला ऐकू आलं नाही. आबांनी आपल्या शेजारची खुर्ची हातानं थोपटली.

ठराव झाला, पण उदयसिंहाच्या मनातला झाला नाही. औषधासाठी परवान्यानं लागवडीची मागणी राहिली. दुसऱ्या मागणीतले शब्द बदलले. 'सोतापुरतं' गेलं आणि तिथं 'शिक्षेऐवजी उपचार' आलं. साध्या कपड्यात आलेल्या ऋषिराजनं ते वाचलं आणि म्हणाला, "ह्याखाली मीसुद्धा सही केली असती, नोकरी नसती तर." उदयसिंहानं भावाकडे पाहिलं. मग रेश्माजवळ येऊन, इकडं तिकडं बघत म्हणाला, "त्या दिवशी पंगतीत मी तसं बोलायला नगं व्हतं. आन् त्येच्या आधी सांगायला पायजे व्हतं." एवढं बोलून तो गाडी आणायला गेला. लग्नाला बारा वर्षं झाली होती. हे असं तो पहिल्यांदाच म्हणत होता. रेश्माला हसू आलं.

हॉलच्या पायऱ्यांवर एक बाई तिची वाट बघत उभी होती. हिरवं नऊवारी लुगडं, कपाळावर आडवं कुंकू, पायात जाड वहाणा. तिनं कवठे महांकाळजवळच्या गावाचं नाव सांगितलं. आपलं नाव रंगुबाई म्हणाली. नवरा मेंढरं घेऊन फिरतीवर असतो, घरी ती आणि मुलगा.

"तुमी भावाला कुटं दावलं व्हतं, बाई?" तिनं विचारलं. "माजा सिद्धू बी तसाच हाय. दार लावून बसतोय. माज्या हातचं खात न्हाई, इख घातलंय म्हणतो. मी कुणाला बोलले न्हाई. हितं गांजाचं कायतरी हाय म्हणून आयकलं, तशी यष्टीत बसले. मागं बसून आयकत व्हते." ती थांबली. "त्येचं नाव आज पयल्यांदा कुणाफुडं घेतलं बगा."

रेश्मा मिरजेच्या डॉक्टरांचं नाव सांगू लागली. पण वीरधवल तिच्या मागं येऊन उभा होता, तो पुढं झाला आणि रंगुबाईच्या खालच्या पायरीवर बसला, तिला मान वर करावी लागू नये म्हणून.

"मावशी, मीच तो भाऊ."

रंगुबाई त्याच्याकडे बघत राहिली. त्याचा इस्त्रीचा शर्ट, हाताच्या बोटांत बसलेली माती, तोंडावरचं साधं हसू, एकेक करून बघितल्यासारखं बघत राहिली.

"तू व्हय?" ती म्हणाली. "आन् तू आता खातोस, पितोस? झोप येती?"

"येती. गोळ्या घेतो अजून. डॉक्टरकडं आपण त्याला नेऊ, पण आधी मी घरी येतो. मंगळवारी. लगेच काय बोलायचं न्हाई त्याच्याशी, नुसतं बसायचं. पोलिसांचं भ्या धरू नगा, माझे पाव्हणेच पोलिसात हायत, ते बगा तितं उभे हायत. तुमी मला एवढंच सांगा, त्याला खायाला काय आवडतं?"

हा प्रश्न रंगुबाईला अपेक्षित नसावा. मुलाविषयी किती दिवस तिनं फक्त दुखणंच मनात धरलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती आठवू लागली. तोंडावरच्या सुरकुत्या हळूहळू सैल झाल्या.

"हुलग्याची शेंगुळी," ती म्हणाली. "लय खायाचा. वाटीला वाटी लावून."

"मंग मंगळवारी करा," वीरधवल म्हणाला. "दोघांना पुरंल एवढी."